नकाशातील बिंदूची साक्ष
(प्रा. इरफान हबीब यांच्या नकाशाकार्याची ओळख आणि आपला खानदेश)

वाचकहो, खानदेशचा नकाशा आपण प्रत्येकाने शाळेत कधी ना कधी काढलेला आहे. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून निळ्या पेन्सिलीने ओढलेली तापी, आणि दोन ठळक ठिपके : धुळे व जळगाव. परीक्षेत त्याला दोन-तीन गुण मिळत, म्हणून आपण तो पाठ केला आणि परीक्षा संपताच विसरून गेलो. हा ठिपका येथेच का, तो कोणी व कशाच्या आधारावर काढला, हा प्रश्न आपल्याला पडला नाही. खरे सांगायचे तर इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकालाही तो अनेक वर्षे पडला नव्हता. तो पडला एका चुकीमुळे. ती चूक या लेखात मी कबूल करणार आहे. परंतु त्याआधी ज्या विद्वानाच्या ग्रंथामुळे ती मला नीट उमगली, त्यांचा परिचय करून देणे उचित ठरेल.

हे विद्वान म्हणजे अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे प्रा. इरफान हबीब. मोगलकालीन शेती व महसूल यांचे अभ्यासक म्हणून त्यांचे नाव सर्वश्रुत आहे. पण त्यांच्या कार्याची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी माहीत नाही. इतिहासाचे नकाशे तयार करणे आणि नकाशांचा इतिहास शोधणे या कामाला त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे दिली.

त्यांचा जन्म १९३१ सालचा. वडील प्रा. मोहंमद हबीब हेही अलिगढचेच इतिहासकार. गझनीच्या महमूदावर लिहिताना त्याच्या लुटीला धर्मकार्य म्हणण्यास त्यांनी साफ नकार दिला होता, आणि त्यासाठी स्वकीयांचा रोषही पत्करला होता. आई सोहेला या अब्बास तय्यबजींच्या कन्या. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाल्यावर धारासणाच्या मोर्चाचे नेतृत्व ज्यांनी पंचाहत्तरी ओलांडल्यावर स्वीकारले, तेच हे अब्बास तय्यबजी. ते मुंबईच्या बद्रुद्दीन तय्यबजींचे पुतणे. बद्रुद्दीन तय्यबजी हे १८७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. मुसलमान मुलांनी आधुनिक शिक्षण घ्यावे म्हणून ज्या घराण्याने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कंबर कसली, त्या घराण्याचा अंश या इतिहासकारात आहे. आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत त्याची नोंद व्हावी, हे योग्यच होय.

अलिगढला एम. ए. झाल्यावर इरफान हबीब ऑक्सफर्डला गेले. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते डॉ. सी. सी. डेव्हिस. या डेव्हिससाहेबांनीच १९४९ साली भारतीय उपखंडाचा एक छोटेखानी ऐतिहासिक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला होता, आणि अनेक वर्षे विद्यार्थी तोच वापरीत. गुरूचा नकाशासंग्रह छोटा होता, शिष्याने पुढे मोठा केला, असे म्हणावयास हरकत नाही. ऑक्सफर्डच्या प्रबंधातून 'मोगल हिंदुस्थानातील कृषिव्यवस्था' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ तयार झाला, तो १९६३ साली मुंबईच्या एशिया पब्लिशिंग हाऊसने प्रकाशित केला. १९६९ ते १९९१ पर्यंत ते अलिगढला प्राध्यापक होते. सायकलवरून विभागात येणारा प्राध्यापक म्हणून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी त्यांना पाहिले. २००५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांची मार्क्सवादी विचारसरणी सर्वांना मान्य नाही, आणि तसा त्यांचा आग्रहही नसावा. परंतु त्यांच्या नकाशांचा आधार घेताना हा विचारसरणीचा भेद आड येत नाही. का येत नाही, ते पुढे पाहू.

शेतीचा अभ्यास करणारा माणूस नकाशांकडे का वळला? याचे उत्तर अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेल्या या ग्रंथात अकबराच्या साम्राज्याची सुभा, सरकार आणि महाल (म्हणजे परगणा) अशी उतरंड दिली असून महालांच्या लांबलचक याद्या आहेत. बहुतेक सुभ्यांच्या बाबतीत प्रत्येक महालापुढे मोजलेली जमीन, महसूल, जमीनदारांची जात, त्यांचे स्वार व प्यादे असे आकडे येतात. आता हे आकडे घेऊन करायचे काय? एका सरकारात जमीन किती कसली जात होती हे सांगायचे, तर ते सरकार कोठून कोठपर्यंत होते हे आधी कळायला हवे, आणि त्यासाठी त्यातला प्रत्येक महाल जमिनीवर सापडायला हवा. यादीत नाव आहे पण जागा माहीत नाही, तर आकडा अधांतरीच राहतो. म्हणून नकाशा हवा.

आणि येथेच खरी कसोटी लागते. आपल्यापैकी ज्यांना उर्दू येते त्यांना ही अडचण चटकन समजेल. बे, पे, ते, नून ही अक्षरे शब्दाच्या मध्ये आली की त्यांचा दांडा एकसारखाच, फरक फक्त नुक्त्यांचा. जुन्या हस्तलिखितांत लेखनिकाने घाईत नुक्ता गाळला किंवा खालचा वर दिला, तर नावच पालटते. एका नुक्त्याने 'खुदा'चा 'जुदा' होतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तसेच एका नुक्त्याने गाव शंभर कोस दूर जाऊन पडू शकते. मग एका प्रतीतील वाचन दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहायचे, शेजारच्या महालांची नावे पाहायची, इंग्रज अमदानीतील गॅझेटियर व सर्व्हे खात्याचे नकाशे धुंडाळायचे, आणि चारी बाजूंनी खात्री पटली तरच तो ठिपका कागदावर टेकवायचा. असे शेकडो ठिपके!

या कष्टांतून १९८२ साली 'अ‍ॅन अ‍ॅटलस ऑफ द मुघल एम्पायर' हा त्यांचा मोठ्या आकाराचा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. त्याआधी चारच वर्षे, १९७८ साली, अमेरिकेत जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांच्या संपादनाखाली दक्षिण आशियाचा प्रचंड ऐतिहासिक नकाशासंग्रह निघाला होता. त्यात अश्मयुगापासून विसाव्या शतकापर्यंतचा काळ होता. हबीब यांनी एकच कालखंड घेतला आणि तो खोलवर खणला. त्यांच्या ग्रंथात प्रत्येक प्रदेशाचे दोन नकाशे आहेत. पहिला राजकीय : सुभे, सरकारे, त्यांच्या हद्दी, महालांची ठाणी, किल्ले. दुसरा आर्थिक : पिके, खनिजे, कारागिरीची ठिकाणे, रस्ते, जंगले. आणि या नकाशांसोबत सविस्तर टिपा. कोणता ठिपका कोणत्या ग्रंथाच्या, कोणत्या कागदाच्या आधारे दिला, हे टिपांत सांगितलेले आहे. ग्रंथाचे खरे मोल माझ्या मते या टिपांतच आहे. ज्याला संशय असेल त्याने मूळ ग्रंथ उघडावा आणि पडताळून पाहावे. लेखकाच्या विचारसरणीशी वाचकाचे जमो वा न जमो, साक्षीपुरावा दोघांसाठी एकच असतो.

नकाशे काढता काढता नकाशांचाही इतिहास त्यांनी शोधला. मोगलकालीन हिंदुस्थानातील नकाशाशास्त्रावर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला आहे. आपल्याकडे नकाशा आणला तो युरोपियनांनी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु जौनपूरच्या सादिक इस्फहानीने १६४७ साली आपल्या 'शाहिद-ए-सादिक' या ज्ञानकोशात अक्षांश-रेखांशांच्या चौकटी आखून त्यांत गावे बसवलेला नकाशासंग्रह जोडला होता. तो आजच्या नकाशाइतका अचूक नाही, हे मान्य. पण हिंदुस्थानातील माणसाने हिंदुस्थानात बसून तो केला, हे विसरता येत नाही. उलट १७८२ साली इंग्रज सर्व्हेअर जेम्स रेनेल याने हिंदुस्थानचा प्रसिद्ध नकाशा छापला, तेव्हा प्रांतांच्या विभागणीसाठी त्याने अकबराच्या सुभ्यांचाच आधार घेतला होता. म्हणजे ज्ञानाचा व्यवहार एकाच बाजूने झालेला नाही.

एवढ्यावरच ते थांबले नाहीत. २०१२ साली, वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर, फैज हबीब यांच्यासमवेत त्यांनी प्राचीन भारताच्या इतिहासाचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. अकबरापासून मागे जात ते अशोकाच्या शिलालेखांपर्यंत पोचले. पद्धत तीच : ठिपका आणि त्याची साक्ष.

आता, वाचकहो, या पद्धतीने आपल्या खानदेशाकडे पाहू या.

राज्याच्या आजच्या नकाशात खानदेश वरच्या कडेला, एका कोपऱ्यात दिसतो. पुण्या-मुंबईकडील लोक तर आपल्याला आडबाजूचे समजतात, आणि हळूहळू आपणही तसेच समजू लागलो आहोत. पण मोगलकाळाच्या नकाशावर हाच प्रदेश चौकात येतो. फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा चौदाव्या शतकात शिरपूर तालुक्यातील थाळनेरला स्थिरावला. त्याच्या मुलाने तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले आणि त्याला शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संतांचे नाव दिले. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने असिरगड घेतला. शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचे 'दानदेश' असे नामकरण झाले. त्यानंतर बुऱ्हाणपूर हे मोगलांचे दख्खनचे प्रवेशद्वार बनले. सुरतेची वाट, आग्र्याची वाट आणि दख्खनची वाट तेथे एकत्र येत. विल्यम फिंच, टॉमस रो, पीटर मंडी हे इंग्रज प्रवासी १६१० ते १६३० च्या दरम्यान याच वाटेने गेले. नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर ही त्यांच्या मुक्कामांची नावे आपण आजही एस. टी. च्या पाटीवर वाचतो. मंडी गेला त्या साली भीषण दुष्काळ होता, आणि वाटेवर पडलेल्या प्रेतांचे त्याने केलेले वर्णन वाचवत नाही. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये लिहून गेला. आज सुरतेहून भुसावळकडे जाणारी रेल्वे तापीचेच खोरे धरून नवापूर, नंदुरबार, अमळनेर करीत येते. सायबाने रूळ टाकले खरे, पण वाट फार जुनी आहे.

'आईन'मधील दानदेशचे प्रकरण तर आपल्या मुलांना नकाशा समोर ठेवून शिकवण्यासारखे आहे. सुभ्याची लांबी बोरगावपासून लळिंगपर्यंत ७५ कोस, रुंदी जामोदपासून पालपर्यंत ५० कोस, परगणे ३२. हा लळिंग म्हणजे धुळ्याहून मालेगावकडे जाताना आग्रा रोडवर दिसतो तोच किल्ला, आणि पाल म्हणजे रावेर तालुक्यातील सातपुड्याच्या कुशीतील पाल. जिथे आपण सहलीला जातो, त्या जागा एका सुभ्याच्या सरहद्दी होत्या! मुख्य पीक ज्वारी, काही ठिकाणी वर्षातून तीनदा. आदिलाबादजवळ चांगदेव येथे तापी-पूर्णेचा संगम असून ते स्थान अत्यंत पवित्र मानतात, असेही अबुल फजलने आदराने नोंदवले आहे. आदिलाबादचे लोकांच्या तोंडी एदलाबाद झाले, आणि आता ते मुक्ताईनगर आहे. नावे बदलतात, संगम तेथेच आहे. आणि धरणगावविषयी लिहिले आहे की, येथे 'सिरीसाफ' आणि 'भिरौं' नावाचे तलम कापड होते.

या धरणगावच्या कापडापाशीच माझी चूक घडली.

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मला बोलण्याची संधी मिळाली. समोर बहुसंख्य यंत्रमाग कामगारांची वस्ती, त्यांची मुले माझ्या वर्गात. मी नुकतेच 'आईन'मधील ते वाक्य वाचले होते. आवेशात येऊन मी सांगितले की, अकबर बादशहाच्या दरबारात ज्या कापडाची नोंद झाली, ते धरणगावचे तलम कापड विणणारे हात आपल्याच पूर्वजांचे होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला फार बरे वाटले. कार्यक्रम संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत माझ्याजवळ आले. आयुष्यभर मागावर बसलेले. म्हणाले, "मास्टरसाब, आप बहुत अच्छा बोले. लेकिन हमारे परदादा तो उत्तर से पैदल आये थे. धरणगाव उन्होंने देखा भी नहीं होगा."

मी ओशाळलो. ते खरेच बोलत होते. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडील अनेक विणकर कुटुंबे गाव सोडून दक्षिणेकडे आली आणि मालेगावपासून आपल्या भागापर्यंत त्यांनी माग टाकले, हे मलाही ठाऊक होते. पण टाळ्यांच्या मोहात मी ते बाजूला ठेवले.

पुढे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हबीब यांचा नकाशासंग्रह पाहावयास मिळाला. दोन्ही हातांनी उचलून टेबलावर पसरावा लागतो असा तो ग्रंथ. आर्थिक नकाशे आणि त्यांच्या टिपा वाचताना त्या वृद्ध गृहस्थांची आठवण झाली. पुस्तकात जे लिहिले आहे तेवढेच नकाशावर येते. अमुक गावी कापड होत होते, हा पुरावा आहे, म्हणून खूण आहे. ते कोणी विणले, याचा पुरावा नसेल तर नकाशा तेथे गप्प बसतो. मी मात्र एका खुणेवर अख्खी वंशावळ उभी केली होती.

आपण म्हणाल, एवढ्याने काय बिघडले? गरिबांच्या मुलांना थोडा अभिमान वाटला तर वाटू द्यावा. मीही स्वतःची अशीच समजूत घालून पाहिली. पण जरा विचार करा. आज जो तो उठतो आणि इतिहासावर आपला सातबारा लावतो. अमुक गाव आमचे, तमुक वाडा आमचा, तुम्ही उपरे. आपल्यालाही पुष्कळदा विचारले जाते की, तुम्ही मूळचे कुठले? या प्रश्नाला आपण जर खोट्या ठिपक्याने उत्तर दिले, तर दुसऱ्याच्या खोट्या ठिपक्याला आडवे येण्याचा आपला अधिकार संपतो. त्या वृद्ध विणकराला हे कोणत्याही ग्रंथावाचून कळले होते. त्यांच्या परदाद्याने उत्तरेतून पायी येऊन येथे माग टाकला, लेकरे वाढवली, येथल्याच मातीत विसावा घेतला. ही हकीकत खरी आहे, आणि ती धरणगावच्या तलम कापडापेक्षा तसूभरही कमी नाही.

आपल्या धुळ्याला ही शिस्त नवीन नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यावरचे रुमाल सोडवून मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली. १९२६ साली धुळ्यातच त्यांचा देह पडला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. राजवाडे आणि हबीब यांची मते एकमेकांसमोर ठेवली तर क्षणभरही जुळणार नाहीत. पण आधी कागद, मग विधान, हा दोघांचाही बाणा एकच.

त्या प्रसंगानंतर मी वर्गात एक लहानसा उपक्रम सुरू केला. दरवर्षी नववीच्या मुलांनी खानदेशच्या कोऱ्या नकाशावर आपल्या घराण्याशी संबंधित एक जागा दाखवायची, आणि नकाशाखाली एक ओळ लिहायची : ही जागा मला कशावरून माहीत आहे. कोणी लिहिते, 'आजीने सांगितले'. कोणी लिहिते, 'घराच्या जुन्या खरेदीखतावरून'. एका मुलीने कबरीवरचा मजकूर उतरवून आणला. एका मुलाचा ठिपका खानदेशच्या नकाशात बसेना, तेव्हा त्याने कागदाच्या वरच्या कडेला बाण काढून लिहिले, 'येथून पुढे, आझमगडकडे. दादांनी सांगितले.' आणि ज्याला काहीच माहीत नाही त्याने जागा कोरी सोडायची. कोऱ्या जागेचे गुण कापायचे नाहीत, असा माझा नियम आहे. सुरुवातीला मुले कोरी जागा सोडायला लाजत, काहीतरी भरून आणीत. आता लाजत नाहीत.

शेवटी, वाचकहो, आपणाकडे एक मागणे आहे. आपल्या घरांत पेट्यांच्या तळाशी, माळ्यावर, कुराणशरीफच्या जुझदानात जुने कागद असतात. सनदा, खरेदीखते, निकाहनामे, मागाच्या व मालाच्या हिशेबाच्या वह्या. काही फार्सीत, काही मोडीत. ते आपल्याला वाचता येत नाहीत म्हणून ते निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांना वाळवी लागण्यापूर्वी बाहेर काढा, कोरडे ठेवा, आणि ज्याला वाचता येईल त्याला दाखवा. कागद घरातून जाऊ द्यायचा नसेल तर जाऊ देऊ नका, पण त्याची नक्कल तरी करून घ्या. त्यातून कदाचित आपल्या मोठेपणाची गोष्ट निघेल, कदाचित निघणार नाही. जे निघेल ते खरे असेल. उद्या कोणी खानदेशचा नवा नकाशा काढावयास बसला, तर आपल्या मोहल्ल्याचा ठिपका टेकवताना त्याच्या हाती साक्ष असेल.